हलवापूरच्या शाळेचे कुलूप

‘बुर्का अ‍ॅव्हेंजर’ हे नाव बहुतेक वाचकांच्या कानावरून गेले असेल. बुरखा घालून दुष्टांशी लढणारी एक शिक्षिका, अशी ही पाकिस्तानी कार्टून मालिका. तिचा पहिला भाग २८ जुलै २०१३ रोजी, रमजानच्या महिन्यात, तिकडच्या जिओ तेज या वाहिनीवर उर्दूत दाखवला गेला. पुढे २०१५ मध्ये झीक्यू वाहिनीने ती हिंदीसह चार भाषांत भारतात आणली. आता वाहिनीचीही गरज राहिलेली नाही. अम्मीचा मोबाइल हाती लागला की मुले ती यूट्यूबवर बरोबर शोधून काढतात. आमच्या शाळेतल्या मुलींना ती माझ्या आधी ठाऊक होती.

या मालिकेबद्दल आपल्याकडे जे काही बोलले गेले ते जवळजवळ सगळे बुरख्याबद्दल. तो घालावा की घालू नये, कार्टूनमध्ये दाखवावा की नाही. मालिका बसून पाहिली कुणी, असे विचारले तर माणसे गप्प होतात. म्हणून मी इथे एकाच भागाबद्दल, पहिल्याच भागाबद्दल लिहिणार आहे. मुलींच्या शाळेला कुलूप लागते, त्याची ही गोष्ट. मी मुलींनाच शिकवते, त्यामुळे या भागाकडे करमणूक म्हणून पाहणे मला जमले नाही, हे आधीच सांगून टाकते.

गोष्ट साधी आहे. हलवापूर नावाचे एक काल्पनिक गाव. तिथे जिया नावाची शिक्षिका मुलींच्या शाळेत शिकवते. आशू ही हुशार मुलगी, इम्मू तिचा जुळा भाऊ आणि मूली हा त्यांचा दोस्त. मूली सतत मुळे खात असतो आणि गोलू नावाची बकरी त्याच्याबरोबर फिरते. (मुलांना सर्वांत जास्त आवडते ती गोलूच. नायिकेचा नंबर तिच्यानंतर लागतो.) गावात दोन दुष्ट आहेत. एक वडेरो पजेरो, टक्कल पडलेला पुढारी, गळ्यात डॉलरच्या चिन्हाचे सोन्याचे लॉकेट. दुसरा बाबा बंदूक, काळ्या दाट दाढीमिशांचा जादूगार, ज्याला पाहून तालिबानच्या कमांडरची आठवण यावी अशीच योजना आहे. एका धर्मादाय संस्थेने मुलींच्या शाळेसाठी दिलेला पैसा वडेरोला गिळायचा आहे. त्यासाठी शाळा बंद व्हायला हवी. बाबा बंदूक हे काम आनंदाने अंगावर घेतो, कारण बाईने घरी राहून धुणीभांडी करावीत आणि चूल सांभाळावी, शिक्षणाशी तिचा संबंध काय, असे त्याचे मतच आहे. शाळेला कुलूप लागते. आशू त्या बंद दारासमोर उभी राहून बाबा बंदूकला उत्तर देते. गुंड पुढे सरसावतात आणि तेवढ्यात काळ्या बुरख्यातली नायिका अवतरते. ती पेने फेकून गुंडांना लोळवते, बाबा बंदूकला पुस्तक फेकून मारते, आणि शाळा पुन्हा सुरू होते. बुरख्यातली ती बाई म्हणजे जियाच, हे प्रेक्षकाला ठाऊक असते, गावाला नसते.

नावांबद्दल दोन शब्द. ‘वडेरो’ म्हणजे सिंधमधला मोठा जमीनदार, आणि पजेरो ही तिकडच्या पुढाऱ्यांची आवडती मोठी गाडी. आपल्याकडे एखाद्याचे नाव ‘सरपंच स्कॉर्पिओ’ ठेवावे तसे हे झाले. हारून या पॉप गायकाने ही मालिका काढली. इस्लामाबादला तिचे सगळे काम झाले. या माणसाला आपला समाज आतून माहीत आहे, हे अशा लहानसहान गोष्टींतून कळते.

या भागातली मला सर्वांत पटलेली गोष्ट आधी सांगते, कारण तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. शाळा बाबा बंदूकमुळे बंद होत नाही. ती बंद होते वडेरोच्या लोभामुळे. बाबा फक्त कुलूप लावायला येतो आणि वर धर्माची भाषा बोलतो. मुलींच्या शिक्षणाला विरोध म्हणजे मौलवी, दाढी, फतवा, एवढेच चित्र जगभर विकले जाते. या भागाने मात्र दाढीच्या मागे उभा असलेला, दाढी नसलेला, कोट घातलेल्यांसारखाच गुळगुळीत माणूस दाखवला. पाकिस्तानात ‘घोस्ट स्कूल’ हा शब्द वर्तमानपत्रांत नेहमीचा आहे. कागदावर शाळा आहे, शिक्षकांचा पगार निघतो आहे, आणि जागेवर जाऊन पाहावे तर इमारतीत गुरे बांधलेली किंवा कुणाच्या पाहुण्यांची बैठक. अशा शाळा बंद करायला कुणी बंदूकवाला यावा लागत नाही. त्या हिशेबाच्या वहीत बंद होतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला बावीसेक मिनिटांत हे समजावणे सोपे नाही. मालिकेने ते डॉलरच्या लॉकेटमध्ये बसवून दाखवले आहे. त्यासाठी तिला पूर्ण गुण.

पण इथेच माझी पहिली तक्रारही आहे. मार बसतो तो बाबा बंदूकला आणि त्याच्या गुंडांना. पैशाचा हिशेब मात्र कुणी मागत नाही. पुस्तक डोक्यात बसायला हवे होते ते खरे तर वडेरोच्या, आणि तेही धर्मादाय संस्थेचे जमाखर्चाचे पुस्तक. मुले चाणाक्ष असतात, दुष्ट कोण हे त्यांना मार कुणाला बसला यावरून ठरवता येते. भाग संपल्यावर मी वर्गात विचारले, शाळा कुणी बंद केली? चाळीसपैकी बहुतेक हात बाबा बंदूकच्या बाजूने वर आले.

आता बुरख्याचे. मालिका आली तेव्हा पाकिस्तानातल्याच काही लेखिका आणि महिला कार्यकर्त्यांनी टीका केली, की लहान मुलींना बुरखा म्हणजे ताकद असे शिकवले जाते आहे. हारूनचे उत्तर असे, की हा बुरखा सक्तीचा नाही. जिया दिवसभर शिक्षिका म्हणून वावरते तेव्हा डोक्यावर ओढणीही घेत नाही. बुरखा तिचे वेषांतर आहे, जसा इतर सुपरहिरोंना मुखवटा असतो. परदेशी कार्टूनमधल्या नायिकांसारखे तोकडे कपडे पाकिस्तानात चालले नसते, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले.

माझ्या वर्गात बुरख्यावर चर्चा झाली, पण ती या दोन्ही बाजूंपेक्षा वेगळी झाली. प्रोजेक्टरवर भाग चालू होता. आठवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, “टीचर, ये स्कूल में बुरखा क्यूँ नई पेनती?” तिच्या प्रश्नात आक्षेप नव्हता, खरेच कुतूहल होते. आमच्या शाळेत मुली बुरखा घालून येतात, वर्गात आल्या की घडी घालून दप्तरात ठेवतात, सुटी झाली की पुन्हा घालतात. त्यांच्यासाठी बुरखा हा रस्त्याचा पोशाख आहे. तो घालून त्या भाजी आणतात, रिक्षात बसतात, धाकट्या भावाला ट्यूशनहून घेऊन येतात, पाऊस आला की त्याच्याखाली वह्या झाकतात. त्यात त्यांना कैदही वाटत नाही आणि उडण्याची शक्तीही वाटत नाही. जियाचा बुरखा मात्र दोनच कामांसाठी आहे, लपणे आणि लढणे. टीकाकारांनाही बुरखा म्हणजे एक तर बेडी नाही तर ढाल, एवढेच दिसले. रोज सकाळी दाराच्या खुंटीवरून काढून घालायचा कपडा म्हणून तो कुणाच्याच नजरेत नाही. मालिकेत शाळेतली एखादी दुसरी शिक्षिका, एखादी आई सहज बुरख्यात दाखवली असती, जिचे त्यात काही विशेष नाही, तर अर्धा वाद उभाच राहिला नसता असे मला वाटते.

दुसरा प्रश्न एका अगदी शांत मुलीने विचारला. सगळ्या गावाला वाचवते ती बाई कोण, हे गावाला कळतच नाही, मग जिया टीचरला शाबासकी कोण देते? मी उत्तर देऊ शकले नाही. सुपरहिरोच्या गोष्टींची ही रीतच आहे म्हणा. पण नायक वार्ताहर किंवा कोट्यधीश असला तर त्याचे रोजचे काम लपले तरी चालते. इथे नायिका शिक्षिका आहे, आणि गोष्ट शाळेची आहे. जी बाई रोज फळ्यासमोर उभी राहते तिला या भागात कुलूप उघडता येत नाही. ते उघडायला तिला दुसरेच कुणीतरी व्हावे लागते. एक शिक्षिका म्हणून मला हे जरा टोचले.

आशूच्या उत्तराकडे वळते, कारण माझ्या मते या भागाची खरी नायिका तीच आहे. तिच्याकडे कसली विद्या नाही, मुखवटा नाही, समोर दाढीवाला राक्षस आणि बंदुका, तरी ती बोलते. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की आजच्या मुली उद्याच्या आया आहेत, त्या अडाणी राहिल्या तर पुढच्या पिढ्याही अडाणी राहतील. हा युक्तिवाद आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात, निकाहाच्या खुत्ब्यानंतरच्या भाषणात, अंजुमनच्या वार्षिक सभेत तो दर वर्षी ऐकू येतो. मीही पालकसभेत तो वापरते, कारण तो बापाच्या गळी लवकर उतरतो.

तरी तो अपुरा आहे. मुलीने शिकावे ते तिच्या होणाऱ्या मुलांसाठी, असे म्हटले की तिचे स्वतःचे काय? जिचे लग्न होणार नाही, जिला मूल होणार नाही, ती अडाणी राहिली तर चालेल का? बाबा बंदूकसारखा माणूस या युक्तिवादाला लगेच वळवू शकतो. आईच व्हायचे आहे ना, मग पाचवीपर्यंत पुरे. आणि आपल्या किती घरांत हेच वाक्य जसेच्या तसे बोलले जाते, ते वाचकांना मी सांगायला नको.

बाबा बंदूक धर्माच्या नावाने बोलतो, तर त्याला उत्तरही तिथूनच मिळायला हवे होते. आपल्या दीनमध्ये इल्म मिळवणे हे फर्ज सांगितले आहे आणि त्यात स्त्री-पुरुष असा फरक केलेला नाही. पहिल्या वहीचा पहिला शब्द ‘इक्रा’ आहे, हे मदरशातले सहा वर्षांचे पोरही सांगेल. प्रेषितांच्या (सल्ल.) काळी स्त्रियांनी स्वतः येऊन आपल्यासाठी शिकण्याचा वेगळा दिवस मागितला आणि तो त्यांना मिळाला, हे बुखारी शरीफमध्ये आहे. हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहायला शिकवणाऱ्या शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) या एक स्त्रीच होत्या. म्हणजे जियाची आद्य सहकारी म्हणावी अशा. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांवर हदीस आल्या आहेत, आणि मोठमोठे सहाबी त्यांच्याकडे मसला विचारायला जात. पाचव्या हिजरी शतकात करीमा मरवजिया या विदुषी मक्केत बुखारी शरीफ शिकवत आणि खतीब बगदादींसारखा नामवंत आलिम त्यांच्यासमोर बसून ती शिकला. ही नावे आमच्या मुलींना पाठ नाहीत. जौनपूरकडच्या एका गावात जन्मलेले आणि लखनौच्या नदव्यात शिकलेले मौलाना अक्रम नदवी यांनी हदीसच्या विदुषींची नावे जमवायला घेतली तेव्हा वीस-तीस सापडतील असा त्यांचा अंदाज होता. शेवटी त्यांचा अरबी ग्रंथ २०२१ मध्ये छापला गेला तो ४३ खंडांत.

आशूच्या तोंडी हे सगळे घालावे असे माझे म्हणणे नाही. कार्टून आहे, वाज नव्हे. पण एक वाक्य पुरले असते. बाबाला तिने एवढेच विचारले असते, की तू ज्या दीनचे नाव घेतोस त्यात मला शिकू नकोस असे कुठे लिहिले आहे ते दाखव, तर मुलींना घरी घेऊन जायला एक प्रश्न मिळाला असता. उद्याच्या आईचा मुद्दा घरी उपयोगी पडतो तो मुलगी मोठी होऊन आई झाल्यावर. हा प्रश्न त्याच रात्री, जेवणाच्या दस्तरखानावर उपयोगी पडला असता.

मारामारीबद्दल पालकांची नेहमीची काळजी असते. जियाच्या विद्येचे नाव ‘तख्त कबड्डी’. कबड्डी जान नावाच्या गुरूने, ज्याने तिला लेकीसारखे वाढवले, त्याने ती शिकवलेली आहे. यात रक्त नाही, तलवार नाही, बंदूक तर नाहीच. हत्यार फक्त पेन आणि पुस्तक. लेखणी बंदुकीवर मात करते हे इतक्या शब्दशः कुणी दाखवले नसेल. इतर कार्टूनच्या मानाने हे फार सौम्य आहे. लाडू खाऊन ठोसे मारणारा भीम पाहत आपली मुले मोठी झालीच आहेत.

माझी अडचण वेगळी आहे. आपल्या घरात पुस्तक जमिनीवर पडले तर मूल ते उचलते, डोळ्यांना लावते, मग ठेवते. मग ते गणिताचे असो की विज्ञानाचे. हे त्याला कुणी मुद्दाम शिकवलेले नसते, दादीला करताना पाहिलेले असते. त्या मुलाला या भागात पुस्तक दगडासारखे फेकलेले दिसते. त्यामागचा अर्थ मोठ्यांना कळतो. सात वर्षांच्या मुलाला धप्प असा आवाज कळतो. आमच्याकडे प्रोजेक्टर लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी मधल्या सुटीत दोन कंपासपेट्या आणि एक भूगोल हवेतून गेला. पुस्तक फेकण्याऐवजी जियाने ते उघडून त्यातले काहीतरी वापरून बाबाला हरवले असते तर? आरसा आणि उजेडाची दिशा, तरफ, कप्पी, काहीही. सहावीच्या विज्ञानात गुंडांना पुरून उरेल इतके सामान आहे. मग पुस्तक वाचल्यामुळे ती जिंकली असे झाले असते. आता ती जिंकते ते पुस्तक जड असल्यामुळे.

मालिकेला २०१३ या वर्षासाठीचा पीबॉडी पुरस्कार मिळाला, परदेशांत कौतुक झाले. ते का झाले हे समजू शकते. स्वातमध्ये तालिबानने १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद करायला लावल्या होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये मलाला युसुफजईवर शाळेच्या गाडीत गोळी झाडली गेली. मालिकेची कल्पना त्याच्या आधीची, पण ती पडद्यावर आली तेव्हा जगाला बाबा बंदूक नकाशावर दाखवता येत होता. आजही दाखवता येतो. अफगाणिस्तानात २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार होत्या. मुली गणवेश घालून आल्या आणि त्याच सकाळी त्यांना परत पाठवले गेले. त्या वर्षाच्या डिसेंबरात विद्यापीठांचेही दार बंद झाले. हलवापूरचे कुलूप तिथे खरोखरचे आहे, आणि पेने फेकून ते उघडणारी कुणी आलेली नाही.

पण त्याच २०२२ मध्ये आपल्या शेजारी, कर्नाटकात, दुसऱ्याच प्रकारचे कुलूप पाहिले. उडुपीच्या सरकारी कॉलेजात हिजाब घातलेल्या मुलींना वर्गात बसू दिले नाही, मग ते लोण इतर गावांत गेले, फाटकाच्या बाहेर उभ्या मुलींची छायाचित्रे रोज येत होती. १५ मार्चला उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते एकमेकांविरुद्ध गेली. त्यातल्या न्या. सुधांशु धुलिया यांनी मुलीचे शिक्षण हीच बाब आपल्यासमोर सर्वांत आधी होती असे नमूद केले. पुढे मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजचा असाच प्रश्न २०२४ मध्ये न्यायालयात गेला. हलवापूरच्या गोष्टीत एकच माणूस मुलींना अडवतो आणि तो ‘आपल्यातला’ असतो. आपल्या मुलींनी मात्र पाहिले, की एकजण म्हणतो बुरख्याशिवाय बाहेर पडू नकोस आणि दुसरा म्हणतो बुरख्यासकट आत येऊ नकोस, आणि दोघांच्या मध्ये ती दप्तर घेऊन रस्त्यावर उभी. याचा भाग कुणी काढलेला नाही.

आणि तिसरे कुलूप, जे मी दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात पाहते. ते दिसत नाही. आपल्याकडच्या कितीतरी उर्दू शाळा सातवी किंवा आठवीपर्यंतच आहेत. पुढची उर्दू हायस्कूल तालुक्याला. गावातली हायस्कूल मराठी माध्यमाची, आणि मुलीला मराठी बोलता येते पण इतिहासाचा पेपर मराठीत लिहायची भीती वाटते. सक्तीचे आणि मोफत शिक्षण कायद्याने चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. नेमके तिथेच सगळे थांबते. निकाल लागतो, दाखले तयार होतात. मुलांचे दाखले आठवड्यात जातात. काही मुलींचे दाखले कपाटातच राहतात, कारण न्यायला कुणी येतच नाही. मागच्या वर्षीचे दोन, त्याच्या आधीच्या वर्षीचे तीन, अशी ती पाकिटे फायलीत लागलेली असतात. कुणी दार बंद केलेले नसते. कुणी धमकी दिलेली नसते.

घरी जाऊन विचारले तर बाप चहा पाजतो. तो बाबा बंदूक नसतो. फळांची गाडी लावणारा, रिक्षा चालवणारा, लेकीवर जीव असलेला साधा माणूस असतो. “टीचर, जमाना खराब है,” म्हणतो. एसटी स्टँडवर पोरे उभी असतात म्हणतो, आणि ते खोटे नसते. तिच्या धाकट्या भावाला नवी सायकल आलेली दारात दिसते. आई आतून काही बोलत नाही. अशा माणसावर कोणते पुस्तक फेकणार? या भागाने मुलींना शत्रू दाखवला तो दुरून ओळखू येणारा. ज्याला शत्रू म्हणवत नाही, ज्याच्या हातचा घास खाल्ला, त्याच्यासमोर आशूने कसे बोलावे, हे कोणत्याही सुपरहिरोच्या गोष्टीत येत नाही. त्या गोष्टींचा तो साचाच नाही.

म्हणून त्या बापाला मी काय सांगते ते इथे लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास मिशनच्या तालुक्यांत मुलींना सायकल मिळते आणि त्यांच्यासाठी वेगळ्या निळ्या बसही धावतात. आपला तालुका त्यात आहे का हे पंचायत समितीत विचारता येते. एका गल्लीतल्या तीन-चार मुली मिळून जाणार असतील तर निम्मी भीती कमी होते, तेव्हा एका घरी न बोलता चार घरी एकाच संध्याकाळी बोलावे. आणि मध्ये एक-दोन वर्षे गेलीच असतील तरी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते. दाखला मात्र शाळेतून नेऊन घरात ठेवावा. तो कपाटात राहिला की मुलगी मोठी होते आणि फाइल खाली दबत जाते.

तर हा भाग मुलांना दाखवावा का? जरूर दाखवावा, उर्दू ऐकायला मिळते तेही वाईट नाही. फक्त मोबाइल हातात देऊन उठून जाऊ नये. आशू बोलून थांबते तिथे मध्येच थांबवावे, बुरखेवाली यायच्या आधी, आणि मुलांना विचारावे, तुम्ही असता तर पुढे काय म्हणाला असता? आमच्या वर्गात मी तसे केले. मुलींना वहीत लिहायला सांगितले. एकीने लिहिले, बाबाला विचारीन की तुमची मुलगी कोणत्या शाळेत जाते. एकीने वडेरोकडे पावत्या मागितल्या, तारखेसकट. तिचे अब्बा किराणा दुकान चालवतात, ते वहीत दिसत होते. आणि एकीने फक्त एक ओळ लिहिली, की मी काही बोलणार नाही, घरी पळत जाऊन दादीला घेऊन येईन. वर्ग हसला. मी त्या दादीला ओळखते. मागच्या वर्षी त्यांच्या गल्लीतल्या एका मुलीचा दाखला न्यायला त्याच आल्या होत्या, तिच्या बापाला मागे उभे करून.